आर्डुइनोवर 'मराठी' लिहिलं, तर एलसीडीवर जपानी चिन्हं का उमटतात?

आर्डुइनो बोर्डाला १६ बाय २ चा छोटा एलसीडी डिस्प्ले जोडा, प्रोग्रॅममध्ये 'मराठी' हा शब्द छापायची आज्ञा द्या आणि बोर्ड चालू करा. पडद्यावर 'मराठी' येत नाही. त्याऐवजी आधी ग्रीक अल्फा दिसतो, मग जपानी स्वल्पविराम, मग जपानी लिपीतला छोटा 'यो', पुन्हा अल्फा, पुन्हा स्वल्पविराम, मग एक आडवी रेघ. असं करत तीन अक्षरांचा हा शब्द ओळीतल्या १६ पैकी १५ घरं व्यापून बसतो.

इंजिनीअरिंग किंवा पॉलिटेक्निकचा प्रोजेक्ट करणाऱ्या अनेकांना वाटतं की वायर चुकली किंवा डिस्प्ले खराब निघाला. प्रत्यक्षात दोन्ही ठीक असतं. डिस्प्लेला जे पाठवलं, ते त्याने इमानदारीने दाखवलेलं असतं. गोष्ट एवढीच की त्याच्या पोटात इंग्रजी आणि जपानी अक्षरं आहेत, देवनागरी नाही. आपल्याला हवी ती अक्षरं बनवून ठेवायला त्यात जागा आहे, पण फक्त आठ अक्षरांची.

शेतातल्या पंपाच्या किंवा सोसायटीच्या टाकीच्या पॅनलवर 'पाणी चालू' असं मराठीत दाखवायचं असेल, तर या आठ घरांत काय बसतं आणि काय नाही, हे माहीत असावं लागतं. त्यासाठी हा डिस्प्ले मुळात चालतो कसा, ते आधी बघू.

पडद्यामागची चिप

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत '१६ बाय २ एलसीडी' मागितला की हिरवट-पिवळ्या किंवा निळ्या उजेडाची एक पट्टी हातात येते. ती उलटी केली की मागे काळ्या रंगाचे दोन गोल ठिपके दिसतात. हा इपॉक्सीचा लेप असतो आणि त्याखाली चिप दडलेल्या असतात.

त्यातली मुख्य चिप म्हणजे डिस्प्लेचा कंट्रोलर. जपानच्या हिताची कंपनीने १९८० च्या दशकात 'एचडी४४७८०' नावाचा कंट्रोलर बाजारात आणला. तो इतका रुळला, की आज हिताचीची मूळ चिप क्वचितच मिळत असली तरी सॅमसंगची 'केएस००६६' किंवा सिट्रॉनिक्सची 'एसटी७०६६यू' यांसारख्या चिप त्याच्याच आज्ञा पाळतात. म्हणून चाळीसेक वर्षांपूर्वीच्या माहितीपत्रकातला आज्ञांचा तक्ता आजच्या डिस्प्लेलाही लागू पडतो.

आणि दुसरा ठिपका? हिताचीची एक चिप एकटीने प्रत्येक ओळीत आठच अक्षरं चालवू शकते. उरलेल्या आठ अक्षरांसाठी मदतनीस चिप लागते. तिचा तो ठिपका.

प्रत्येक अक्षराचं घर ५ ठिपके रुंद आणि ८ ठिपके उंच असतं. म्हणजे एका घरात ४० ठिपके आणि ३२ घरांत मिळून १,२८० ठिपके. हे सगळे सांभाळण्याचं काम कंट्रोलर करतो, म्हणूनच आर्डुइनोसारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलरला हा डिस्प्ले झेपतो. मायक्रोकंट्रोलरने फक्त 'या घरात ६५ नंबरचं अक्षर' एवढं सांगायचं. 'ए' काढायला कोणते ठिपके काळे करायचे, हे कंट्रोलरला पाठ असतं.

जोडणी : १६ पिना, पण कामाच्या वायरी सहा

डिस्प्लेला सहसा १६ पिना असतात. पहिल्या दोन विजेच्या, शेवटच्या दोन मागच्या दिव्याच्या. तिसरी पिन कॉन्ट्रास्टची. नवख्यांचा सगळ्यात जास्त वेळ हीच खाते. तिला १० किलो-ओहमच्या पोटेन्शिओमीटरचा मधला पाय जोडतात आणि पेचकसाने फिरवून अक्षरं ठळक-फिकी करतात. दिवा लागला पण पडदा कोरा, अशी तक्रार असेल तर प्रोग्रॅम उघडण्याआधी हा पोटेन्शिओमीटर फिरवून बघावा. बहुतेक वेळा अक्षरं तिथेच लपलेली असतात.

दुसरं नेहमीचं लक्षण म्हणजे वरच्या ओळीत सगळे भरीव काळे चौकोन आणि खालची ओळ रिकामी. याचा अर्थ डिस्प्लेला वीज मिळाली आहे, कॉन्ट्रास्टही ठीक आहे, पण मायक्रोकंट्रोलरचं बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचलेलं नाही. वीज मिळताच कंट्रोलर आपणहून एक-ओळ पद्धतीत उभा राहतो. 'तुला दोन ओळी आहेत' हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगितलं गेलं नाही की हे चौकोन दिसतात. अशा वेळी डेटाच्या वायरी तपासाव्यात.

उरलेल्या पिनांपैकी 'आरएस' ही पिन येणारा आकडा आज्ञा आहे की अक्षर, ते ठरवते. 'आरडब्ल्यू' लिहायचं की वाचायचं ते ठरवते. बहुतेक जण फक्त लिहितात, म्हणून ती थेट ग्राउंडला जोडून टाकतात. 'ई' म्हणजे एनेबल. तिच्यावरचा विजेचा दाब वरून खाली आला, की त्या क्षणी डेटाच्या पिनांवर जे असेल ते कंट्रोलर उचलतो.

डेटाच्या पिना आठ आहेत. त्या सगळ्या वापरल्या, तर आरएस आणि ई धरून मायक्रोकंट्रोलरच्या दहा पिना जातात. आर्डुइनो उनोवर डिजिटल पिनाच १४ आणि त्यातल्या दोन कॉम्प्युटरशी बोलायला लागतात. मग सेन्सर आणि बटणं कुठे जोडायची? म्हणून चार-बिट पद्धत वापरतात. आठ बिटांचा आकडा दोन घासांत पाठवायचा, आधी वरचे चार बिट, मग खालचे चार. इंग्रजी मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५, बायनरीत ०१०००००१. आधी ०१००, मग ०००१. प्रत्येक घासाला ई पिनेची एक टिचकी. अशाने सहा वायरींत काम भागतं.

वायरी आणखी कमी हव्या असतील तर पाठीवर 'पीसीएफ८५७४' चिपची छोटी पट्टी जोडलेले डिस्प्ले मिळतात. त्यांना विजेच्या दोन धरून चारच वायरी लागतात. आत मात्र तीच चार-बिट पद्धत चालते.

एकच आज्ञा तीनदा का?

आर्डुइनोसोबत 'लिक्विडक्रिस्टल' नावाची लायब्ररी येते. तिच्यातली 'बिगिन' ही आज्ञा दिली की डिस्प्ले तयार होतो. पण लायब्ररीच्या आत डोकावलं तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ती सुरुवातीला '३' हा चार बिटांचा आकडा एकापाठोपाठ तीनदा पाठवते, मध्ये थोडं थांबत. हिताचीच्या माहितीपत्रकातही हेच सांगितलं आहे. बरेच जण ते मंत्रासारखं उतरवून घेतात, कारण विचारत नाहीत.

कारण साधं आहे. मायक्रोकंट्रोलर रिसेट झाला म्हणून डिस्प्लेही रिसेट होतो असं नाही. रिसेटचं बटण दाबलं तेव्हा डिस्प्ले तीनपैकी कोणत्याही अवस्थेत असू शकतो. आठ-बिट पद्धतीत, चार-बिट पद्धतीत, किंवा चार-बिट पद्धतीत पहिला घास गिळून दुसऱ्याची वाट बघत. मायक्रोकंट्रोलरला यातलं काहीच माहीत नसतं.

आता '३' तीनदा पाठवल्यावर काय होतं बघा. डिस्प्ले आठ-बिट पद्धतीत असेल, तर प्रत्येक '३' म्हणजे 'आठ-बिट पद्धतीत ये' ही पूर्ण आज्ञा. तो आधीच तिथे आहे, त्यामुळे बिघडत काही नाही. चार-बिट पद्धतीत असेल, तर पहिले दोन '३' जोडून तीच आज्ञा तयार होते. दुसऱ्या घासाची वाट बघत असेल, तर पहिला '३' त्या अर्धवट आज्ञेत खपतो आणि पुढचे दोन मिळून हवी ती आज्ञा देतात. तिन्ही वाटा शेवटी आठ-बिट पद्धतीतच येऊन मिळतात. दोनदा पाठवून हे साधलं नसतं. मग '२' पाठवून त्याला चार-बिट पद्धतीत आणतात आणि त्यानंतर ओळी किती, कर्सर हवा की नको वगैरे सांगतात.

पहिल्या '३' नंतर ४.१ मिलिसेकंदांहून जास्त थांबायचं असतं. कारण त्या अर्धवट आज्ञेतून अपघाताने 'कर्सर सुरुवातीला ने' असा वेळखाऊ हुकूम निघाला, तर तो पुरा व्हायला वेळ मिळायला हवा. पडदा पुसायला या कंट्रोलरला सुमारे १.५२ मिलिसेकंद लागतात, एक अक्षर लिहायला सुमारे ३७ मायक्रोसेकंद. माणसाच्या हिशेबात हे काहीच नाही. पण आर्डुइनो उनोचा मायक्रोकंट्रोलर सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालतो. एक अक्षर लिहून होईपर्यंत त्याचे ५९२ ठोके होतात आणि पडदा पुसेपर्यंत २४ हजारांहून जास्त. म्हणून लायब्ररी मुद्दाम थांबत थांबत बोलते. स्वतः कोड लिहिणाऱ्याने हे थांबणं गाळलं की मधलीच अक्षरं गायब होतात.

यातून एक व्यवहारी सल्लाही निघतो. तापमान किंवा पाण्याची पातळी सतत दाखवायची असेल, तर दर वेळी सगळा पडदा पुसू नका, अक्षरं लुकलुकतात. कर्सर त्या जागेवर नेऊन जुन्या आकड्यावरच नवा लिहा. १०० चे ९९ झाले की जुनं एक शून्य मागे उरतं आणि ९९ चे ९९० दिसतात. तेवढ्यासाठी शेवटी एक मोकळी जागा छापा.

पडदा चित्र नाही, नंबर लक्षात ठेवतो

कंट्रोलरकडे ८० अक्षरांची स्मृती असते, दोन ओळींत प्रत्येकी ४०. आपल्याला दिसतात त्यातली १६-१६. उरलेली २४-२४ घरं पडद्याच्या उजवीकडे न दिसणाऱ्या भागात असतात. म्हणून लांब वाक्य छापलं की ते सतराव्या अक्षरापासून खालच्या ओळीत येत नाही, अदृश्य होतं. खालच्या ओळीचा पत्ता ६४ पासून सुरू होतो. 'सेटकर्सर' आज्ञा हाच हिशेब आपल्या वतीने करते. २० बाय ४ च्या मोठ्या डिस्प्लेत तर गंमतच आहे. त्याची तिसरी ओळ म्हणजे पहिल्याच ओळीचा पुढचा भाग. लांब वाक्य पहिल्या ओळीतून थेट तिसऱ्या ओळीत उडी मारतं.

या स्मृतीत अक्षराचं चित्र नसतं, फक्त त्याचा नंबर असतो. चित्रं वेगळ्या, कायम कोरलेल्या तक्त्यात असतात. बाजारात सर्रास मिळणाऱ्या डिस्प्लेंमध्ये या तक्त्याचा 'ए००' हा जपानी प्रकार असतो. त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, जपानी काताकाना लिपी आणि काही ग्रीक अक्षरं आहेत. इंग्रजीचे नंबर बहुतेक जगासारखेच, पण दोन ठिकाणी जपानी हात फिरलेला आहे. उलटी तिरकी रेघ छापली की जपानी चलन येनचं चिन्ह येतं आणि टिल्डच्या जागी उजवीकडे जाणारा बाण.

विद्यार्थ्यांच्या तापमापकांवर '२८ अंश' दाखवताना जो छोटा गोल दिसतो, तोही बहुतेकदा अंशाचं चिन्ह नसतोच. २२३ नंबरचं ते काताकानातलं उच्चारचिन्ह आहे. दिसायला सारखं, म्हणून खपून जातं.

'मराठी'चे १५ तुकडे

कॉम्प्युटरवर मराठी युनिकोडमध्ये साठवली जाते. 'मराठी' म्हणजे युनिकोडच्या लेखी पाच चिन्हं. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये ती यूटीएफ-८ पद्धतीने लिहिली जातात आणि त्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पाच त्रिक पंधरा.

डिस्प्लेला यूटीएफ-८ हा प्रकारच ठाऊक नाही. त्याच्यासाठी एक बाइट म्हणजे एक अक्षर. 'म'चे तीन बाइट २२४, १६४ आणि १७४. त्याच्या तक्त्यात २२४ ला अल्फा आहे, १६४ ला जपानी स्वल्पविराम, १७४ ला छोटा 'यो'. 'र'चे पहिले दोन बाइट तेच, तिसरा १७६. म्हणून पुन्हा अल्फा, पुन्हा स्वल्पविराम आणि मग दीर्घ स्वराची आडवी रेघ. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह २२४ नेच सुरू होतं, त्यामुळे पडद्यावर दर तीन घरांनी अल्फा येत राहतो. असे अल्फा दिसले की ओळखावं, कोणीतरी देवनागरी पाठवली आहे.

रुपयाचं चिन्हही असंच हुकतं. ते २०१० साली स्वीकारलं गेलं, या चिपनंतर खूप उशिरा. ते छापलं की बीटा, एक रिकामं घर आणि जपानी 'के' दिसतो.

आठ घरांत किती मराठी बसते?

आपल्या मनाची अक्षरं बनवायला कंट्रोलरमध्ये ६४ बाइटांची जागा आहे. एका अक्षराला आठ बाइट, म्हणजे आठ अक्षरं. त्यांचे नंबर ० ते ७. लायब्ररीतल्या 'क्रिएटचार' आज्ञेला आठ ओळींचा नकाशा द्यायचा, १ म्हणजे काळा ठिपका आणि ० म्हणजे मोकळा. रुपयाचं चिन्ह असं बसवता येतं :

१११११
०००१०
१११११
०००१०
१११००
०१०००
००१००
०००१०

दशमान आकड्यांत लिहायचं तर ३१, २, ३१, २, २८, ८, ४, २.

इथे दोन खाचखळगे आहेत. अक्षर तयार केल्यावर लगेच छापायला गेलं तर ते पडद्यावर न जाता अक्षरांच्याच जागेत लिहिलं जातं, म्हणून आधी 'सेटकर्सर' देऊन परत पडद्यावर यावं. दुसरं, ० नंबरचं अक्षर वाक्याच्या मध्ये टाकता येत नाही, कारण प्रोग्रॅमिंगमध्ये ० म्हणजे वाक्य संपलं. त्याऐवजी ८ नंबर वापरा. या चिपमध्ये ८ ते १५ हे नंबर पुन्हा त्याच आठ घरांकडे बोट दाखवतात.

आता टाकीचं पॅनल घेऊ. 'पाणी चालू' साठी प, काना, ण, दुसरी वेलांटी, च आणि 'लू' असे सहा आकार लागतात. काना दोनदा येतो, पण आकार एकच. 'पाणी बंद' साठी फक्त 'बं' आणि 'द' नव्याने लागतात. एकूण आठ, बरोब्बर आठ. 'पाणी संपलं' हेही दाखवायचं म्हटलं की 'सं' आणि 'लं' वाढतात आणि गणित कोलमडतं.

तरी वाट आहे. ही आठ घरं पुसून पुन्हा भरता येतात. एका वेळी पडद्यावर आठपेक्षा जास्त वेगळे आकार नसले की झालं. फक्त भरण्याआधी पडदा कोरा करावा. पडद्याला नंबरच लक्षात असतो, चित्र नाही. त्यामुळे आकार बदलला की आधीपासून दिसत असलेलं अक्षरही डोळ्यांदेखत बदलतं. बॅटरी भरत असल्याचं हलतं चित्र या डिस्प्लेवर याच गुणामुळे दाखवता येतं.

मराठी आकड्यांचं काय? ते दहा आणि घरं आठ. शून्याला इंग्रजी शून्य सहज चालतं आणि ३ लाही इंग्रजी ३ जवळचा आहे. उरलेले आठ बसतात, पण मग एकाही अक्षराला जागा उरत नाही.

खरी कसोटी लागते ती आकारांची. देवनागरीला वर अनुस्वाराला एक ओळ हवी, मग शिरोरेघ, मग अक्षराचा देह आणि खाली उकाराला दोन ओळी. आठातून चार गेल्या, देहाला उरल्या चार. 'ण'चे तीन दांडे पाच ठिपक्यांत कसेबसे मावतात, 'क्ष' किंवा 'श्री' मावत नाहीत. त्यात दोन घरांमध्ये काचेवरच मोकळी फट असते, तिथे ठिपकाच नाही. त्यामुळे शिरोरेघ कधीच सलग होत नाही, शब्द तुटक दिसतो. कितीही चांगला प्रोग्रॅम लिहिला तरी ही फट बुजत नाही.

मग पॅनलवर सलग मराठी हवी असेल तर?

दोन-तीन ठरलेले शब्द असतील तर हा डिस्प्ले पुरतो. वाचणाऱ्याला इंग्रजी येत नसेल, तर तुटक शिरोरेघेचं 'पाणी बंद'ही इंग्रजीतल्या 'मोटर ऑफ'पेक्षा कामाचं. त्यापलीकडे गेलं की अक्षरांचा नव्हे, चित्रांचा डिस्प्ले लागतो, उदाहरणार्थ १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओएलईडी. त्यावर फट नसते, हवा तो ठिपका पेटवता येतो. पण तिथे कंट्रोलर अक्षरं काढून देत नाही, सगळं मायक्रोकंट्रोलरला करावं लागतं. आणि देवनागरी जुळवणं सोपं नाही. 'कि'मध्ये वेलांटी युनिकोडात 'क'च्या नंतर येते आणि काढायची असते 'क'च्या आधी. जोडाक्षरांचे नियम तर वेगळेच. मोबाइलमध्ये हे काम करणारी मोठी सॉफ्टवेअर असतात. आर्डुइनो उनोकडे चालू कामासाठी २ किलोबाइट स्मृती असते आणि त्यातली निम्मी, १,०२४ बाइट, या डिस्प्लेचं एक पूर्ण चित्र मनात धरण्यातच जाते.

म्हणून शब्द जुळवायच्या भानगडीत न पडता कॉम्प्युटरवर 'पाणी चालू', 'पाणी बंद', 'पाणी संपलं' यांची तयार चित्रं बनवायची आणि प्रोग्रॅमसोबत भरून टाकायची. ६४ बाय १६ ठिपक्यांच्या एका चित्राला १२८ बाइट लागतात. प्रोग्रॅमसाठी उनोवर ३२ किलोबाइट जागा असते, तिच्यात असे वीस-पंचवीस संदेश सहज मावतात. शिरोरेघ सलग राहते आणि 'श्री'सुद्धा बसतो.